म्हणाला नाही की म्हणवलं नाही?

तिरुवैयारूत माझ्याकडे आलेलं काम किरकोळ होतं. त्यागराजांच्या 'प्रह्लादभक्तिविजयम्' या तेलुगू संगीतनाटकाचा दोन पानी मराठी गोषवारा लिहायचा. ज्यांच्या माडीवर मी उतरले होते त्यांच्या घरी एका बैठकीत या नाटकातली काही पदं गायली जाणार होती, आणि पुण्याहून येणाऱ्या चार पाहुण्यांच्या हातात वाचायला काहीतरी द्यायचं होतं. घर तंजावरी मराठी माणसांचं. व्यंकोजी भोसले १६७६ च्या सुमाराला तंजावरच्या गादीवर आले, तेव्हापासून या मुलखात मराठी आहे. गादी १८५५ मध्ये संपली, भाषा स्वयंपाकघरात आणि देवघरात राहिली. घरातल्या दोन नाती, एक सोळा वर्षांची आणि एक चौदाची, माझ्याशी मराठीत सुरुवात करायच्या आणि वाद रंगला की तमिळमध्ये शिरायच्या. मला त्या 'अक्का' म्हणत. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं भाषांतर करावं लागत नसे.

गोषवारा तिसऱ्या वाक्यावर अडला. पहिली दोन वाक्यं मी त्यांना वाचून दाखवली : हिरण्यकशिपू हा असुरांचा राजा. 'मीच देव आहे असं म्हण', असं त्यानं आपल्या मुलाला बजावलं. तिसरं वाक्य होतं, 'प्रल्हादानं नकार दिला.' थोरली लगेच म्हणाली, "का पण?" एकदा म्हणून टाकायचं. मनात हरीचं नाव चालू ठेवायचं. हरीला मनातलं कळत नाही का? आई रडायची थांबली असती. धाकटीनं तमिळमध्ये उत्तर दिलं, "सोल्लमाट्टान." तो म्हणणारच नाही. थोरली म्हणाली, म्हणजे हट्टी आहे. मग बापात आणि त्याच्यात फरक काय? धाकटी चिडली, जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "माट्टान नाही. सोल्लमुडियल."

तमिळ येत नसलेल्यांसाठी सांगते. 'सोल्लमाट्टान' म्हणजे तो म्हणणार नाही, त्याची इच्छाच नाही. 'सोल्लमुडियल' म्हणजे म्हणणं जमत नाही, शक्य होत नाही. दोन्हींत परिणाम तोच. तोंडातून शब्द बाहेर पडत नाही. पण एकात माणूस दार लावून घेतो, आणि दुसऱ्यात दार त्यालाही उघडत नाही.

हे भांडण मी आधी ऐकलं होतं. त्या वेळी कावेरी नव्हती आणि प्रल्हादही नव्हता. २००५ साल होतं, पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची टीव्हीची खोली होती आणि पडद्यावर 'रिमिक्स' होती.

आज तिशीच्या पुढं असलेल्या अनेकांना ही मालिका आठवत असेल. २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर ती सुरू झाली आणि २००६ पर्यंत चालली. मौर्या हाय नावाची श्रीमंत मुलांची शाळा, टिया, आशी, युवराज आणि रणवीर ही चार मुलं, त्यांचा बँड, त्यांची गाणी. रणवीर त्या शाळेत शिकायला येतो तो मनात सूड घेऊन. आपल्या वडिलांच्या मृत्यूला जो माणूस जबाबदार आहे असं त्याला वाटतं, त्याचीच मुलगी टिया. आणि तो टियाच्या प्रेमात पडतो.

वसतिगृहात प्रश्न एकच होता. त्यानं तिला सांगितलं का नाही? लातूरहून आलेली मैत्रीण म्हणायची, खोटारडा आहे, सांगायची हिंमत नाही. दुसरी म्हणायची, बापाचं ऋण आहे, ते आधी. तिसरीचं म्हणणं असं की सांगितलं तर मालिका आठवड्यात संपेल, म्हणून लेखक त्याला सांगू देत नाहीत. आम्ही हसायचो. एक मुलगी कोपऱ्यात बसून जेवता जेवता बघायची, फारशी बोलायची नाही. ती एकदा म्हणाली, "त्याला सांगवत नसेल." तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. मी तौलनिक साहित्याची विद्यार्थिनी होते आणि त्या खोलीत बसते याचीच मला थोडी लाज वाटायची.

लाजेचं कारण अभ्यासक्रमात होतं. पात्रं माणसं नसतात, हे आम्ही पहिल्याच सत्रात शिकलो होतो. एल. सी. नाइट्स या समीक्षकानं १९३३ मध्ये 'लेडी मॅकबेथला मुलं किती?' अशा शीर्षकाचा निबंध लिहिला, तो थट्टेनं. नाटक म्हणजे शब्दांची रचना. त्यातल्या माणसांच्या संसाराची चौकशी करणं हा बावळटपणा, असा त्याचा रोख. 'त्यानं असं का केलं?' हा प्रश्न त्या हिशेबानं बावळट प्रश्नांचा राजा. आम्ही दिवसा हे शिकायचो आणि रात्री रणवीरवरून भांडायचो.

आता वीस वर्षांनी मला वाटतं, त्या खोलीतली समीक्षा वर्गातल्या समीक्षेपेक्षा फार मागे नव्हती. जिला लेखकांचा डाव दिसत होता ती मुलगी दुसऱ्या मिनिटाला टियासाठी हळहळत होती. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी जमत होत्या. पात्र रचलेलं आहे हे माहीत असूनही त्याच्यावर रागावता येतं. किंबहुना रचलेलं आहे म्हणूनच मोकळेपणानं रागावता येतं, कारण खऱ्या माणसांवर रागावण्याची किंमत द्यावी लागते.

'रिमिक्स' ही मुळात एक रूपांतरित कृती होती, हे मला फार उशिरा कळलं. मूळ मालिका अर्जेंटिनाची, 'रेबेल्दे वे'. क्रिस मोरेना या निर्मातीची, २००२ साली सुरू झालेली. तिच्यातून मेक्सिकोत २००४ मध्ये 'रेबेल्दे' निघाली, ब्राझीलमध्ये २०११ मध्ये आणखी एक आणि आपल्याकडे 'रिमिक्स'. मूळ मालिकेतला बँड 'एर्रेवे' पडद्याबाहेरही गात होता, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. त्या मालिकेच्या मागे ताजी जखम होती. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात लोकांची बँकेतली खाती गोठवली गेली होती, मध्यमवर्ग रातोरात रस्त्यावर आला होता. आणि पडद्यावर उच्चभ्रूंची शाळा, तिच्यात शिष्यवृत्तीवर आलेल्या मुलांना छळून हाकलून देणारी विद्यार्थ्यांची एक गुप्त टोळी. सूड घ्यायला आलेला मानुएल हा असाच शिष्यवृत्तीवरचा, मेक्सिकोहून आलेला परका मुलगा.

आपल्याकडे येताना या मुलाला आडनाव मिळालं सिसोदिया. मेवाडच्या राणांचं आडनाव. भाषांतरकार म्हणून मी या एका शब्दापाशी थांबते. मानुएल आपली गोष्ट मिआला सांगत नाही तेव्हा तिच्या आणि त्याच्या मध्ये पैसा उभा असतो, परका देश असतो, फी न भरणाऱ्या मुलाची जागा कोणती हा प्रश्न असतो. सिसोदिया गप्प राहतो तेव्हा आपल्याला आन, बाणा, कुळाचा शब्द ऐकू येतो. मौन तेच, पण एकाचं मौन वर्गाचं आणि दुसऱ्याचं घराण्याचं. म्हणूनच वसतिगृहातली ती मैत्रीण बापाच्या ऋणाची भाषा बोलत होती. ती भाषा तिला आडनावानं दिली होती. पात्राच्या निर्णयावर वाद घालताना, तो निर्णय आपल्यासमोर कोणत्या शब्दांत मांडला गेला, इकडे आपलं लक्ष क्वचित जातं. अर्जेंटिनातल्या प्रेक्षकाला मानुएलच्या गप्प राहण्यात जो अपमान दिसला असेल तो आम्हाला दिसला नाही, कारण भाषांतरात तो उरलाच नव्हता.

पण एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे गाणं. जे टियाला सांगता येत नाही ते या मुलांना माइकसमोर गाता येतं. कथानकात जो अडकलेला आहे तो गाण्यात सुटतो, निदान तीन मिनिटं. संगीतनाटकाचं हे जुनं गमक आहे आणि ते आपल्याला अर्जेंटिनाकडून घ्यायची गरज नव्हती.

मराठीत किशोरवयीन मुलीवरचं सर्वांत मोठं संगीतनाटक कोणतं? गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ चं. कांचनभट पैशासाठी आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. शारदेच्या वाट्याला निर्णय किती येतात ते मोजून पाहा. लग्न ठरवलं बापानं, जुळवलं भद्रेश्वरानं. मांडवात ते मोडतं, पण शारदा नाही म्हणाली म्हणून मोडत नाही. वधूवर एका गोत्राचे निघतात, कोदंड ते उघड करतो आणि शास्त्र आड येतं. त्यानंतर स्वतःच्या पायांनी ती निघते ती जीव द्यायला. तिथंही तिला अडवलं जातं आणि शंकराचार्यांच्या संमतीनं तिचं कोदंडाशी लग्न होतं. संपूर्ण नाटकात तिला स्वतःचं म्हणून एकच ठिकाण आहे, तिची पदं. तिथं ती आईशी बोलते, मैत्रिणींत बोलते, दुःख सांगते, थट्टाही करते. पदांत तिला बुद्धी आहे, नजर आहे, राग आहे. गद्यात मात्र तिला फक्त उभं राहायचं आहे.

'शारदा'वर माझ्या पिढीनं वर्गात घेतलेला आक्षेप ठरलेला होता. ती बंड का करत नाही? सुधारणेचं नाटक आणि मुलगी गोत्रामुळे वाचते, हे कसलं? आक्षेप चुकीचा नाही. पण त्यात निवड ही एक वस्तू आहे असं गृहीत धरलेलं असतं. ती प्रत्येकाच्या खिशात असते, शूर माणूस ती बाहेर काढतो आणि भित्रा काढत नाही. शारदेच्या खिशात ती नव्हतीच. देवलांनी ती तिला दिली असती तर आपल्याला बरं वाटलं असतं, पण १८९९ च्या मुलीबद्दल आपण खोटं ऐकलं असतं. त्यांनी तिला पदं दिली. निवड नसलेल्या माणसाचं आतलं बोलणं बाहेर यायला तेवढीच एक वाट होती.

इथं मला मराठी व्याकरणातल्या एका रूपाबद्दल बोलायचं आहे. दामल्यांपासूनचे व्याकरणकार त्याला शक्य क्रियापद म्हणतात. 'मी चालतो' आणि 'मला चालवतं'. 'मी जेवलो नाही' आणि 'मला जेववलं नाही'. 'ती बोलली नाही' आणि 'तिच्यानं बोलवलं नाही'. पहिल्या रूपात कर्ता सरळ उभा असतो. दुसऱ्यात तो 'मला', 'तिच्यानं' असा विभक्तीत जाऊन बसतो आणि क्रिया त्याच्या हाताबाहेर घडते, किंवा घडत नाही. आजारी माणसाला जेववत नाही. दुःखात असलेल्याला ताटावर बसवत नाही. इथं शरीर आणि मन यांत फरक केलेला नाही, इच्छा आणि ताकद यांतही नाही. हिंदीत 'मुझसे कहा नहीं जाता' हे त्याचं जवळचं भावंड, तमिळमध्ये 'मुडियल' त्याच गल्लीत राहतं. भाषांतर करताना हे रूप मला फार छळतं, कारण इंग्रजीत जाताना मला दर वेळी ठरवावं लागतं की तो करू शकला नाही की त्यानं केलं नाही. मराठीत ते न ठरवता राहता येतं.

मालिकेवर भांडणाऱ्या मुली, नाटकावर भांडणारे रसिक, पुराणावर भांडणाऱ्या नाती, हे सगळे माझ्या मते या दोन रूपांमध्ये भांडत असतात. रणवीरनं सांगितलं नाही, की त्याला सांगवलं नाही? शारदा बोलली नाही, की तिच्यानं बोलवलं नाही? वाद पात्राच्या चारित्र्यावर चाललेला दिसतो. खरं तर आपण माणसाला किती मोकळा समजतो यावर तो चाललेला असतो. आणि त्याचं उत्तर नाटकात हवं असेल तर संवादांत शोधू नये, गाण्यात शोधावं. 'करवलं नाही' हे संवादात सांगितलं तर सबब वाटते. गाण्यात ते ऐकू येतं, कारण गाणं त्याच ओळीवर परत परत येतं, पुढं जायचं म्हणतं आणि जात नाही.

हे मला त्यागराजांच्या गावात लिहायला मिळालं. एकच ओळ घेऊन तिच्यावर संगतीमागून संगती रचणं, म्हणजे तेच शब्द दर आवर्तनात थोड्या वेगळ्या स्वरांनी मांडणं, ही त्यांच्या कृतींची ओळख आहे. 'प्रह्लादभक्तिविजयम्'मध्ये पाच अंक आणि पंचेचाळीस पदं आहेत. आपल्याला माहीत असलेला प्रल्हाद त्यात शोधायला गेलं तर पंचाईत होते. तिथून वीसेक मैलांच्या आत मेलट्टूरला वैशाखात भागवतमेळ्याचा उत्सव होतो, त्यात मेलट्टूर वेंकटराम शास्त्रींचा 'प्रह्लादचरित्रम्' रात्रभर चालतो. तिथं सगळं आहे : गर्जणारा बाप, नवरा आणि मुलगा यांच्यात फाटणारी आई लीलावती, शेवटी एरवी पूजेत असलेला नरसिंहाचा मुखवटा चढवून आलेला नट. पुरुषच स्त्रीभूमिका करतात, आणि लीलावतीच्या विलापाला मंडपातल्या बायका डोळे पुसतात. त्यागराजांनी यातलं शेवटचं टोक कापून टाकलं. त्यांच्या नाटकात खांब फुटत नाही, बापाचं पोट फाडलं जात नाही. नागपाशात बांधून समुद्रात टाकलेला मुलगा आहे. त्याला सोडवायला गरुडाला हाक मारणारा समुद्रराज आहे, नारद आहे आणि हरीची लांबलचक वाट पाहणं आहे.

म्हणजे नकाराचा क्षण, ज्यावर माडीवर भांडण चाललं होतं, त्याला या नाटकात फारशी जागाच नाही. नकारानंतरचा एकटेपणा आहे. बाप हरला पाहिजे, ही प्रेक्षकाची भूक त्यागराज भागवत नाहीत. बंडखोर मुलाच्या गोष्टीत मुलाचा विजय बापाच्या प्रेतावर उभा करायचा नाही, हा नाटककाराचा निर्णय मला आजही धाडसी वाटतो. तो नाटककारानं घेतलेला निर्णय आहे, पात्राचा नाही. अशा निर्णयांवर वाद घालायचा तर कर्त्याला सरळ कर्ता करूनच घालावा. लेखकाला सगळं करवतं.

शक्य क्रियापदाचा मला मोह आहे आणि त्या मोहाला आळा घालण्याचं काम थोरलीनं केलं. मी खूश होऊन धाकटीला म्हटलं, तुझं 'मुडियल' मला मिळालं, वाक्य सुटलं : 'प्रल्हादाला तसं म्हणवलं नाही.' थोरलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्याच्या बापाला? त्याला पण 'मुडियल'च म्हणणार का?"

मला उत्तर चटकन सुचलं नाही. हिरण्यकशिपूलाही मुलाचं ऐकवत नव्हतं, असं म्हणता येईल. कांचनभटालाही दारिद्र्य सोसवत नव्हतं. या रूपात क्षमा फार आहे आणि ती सगळ्यांत आधी त्यांच्या वाट्याला जाते ज्यांच्या हातात सत्ता असते. 'त्याला राग आवरला नाही' हे वाक्य आपण पुरुषांबद्दल किती सहज लिहितो. बातम्यांतही लिहितो. राग आवरला नाही, हात उचलला गेला. कर्ता अलगद बाजूला होतो. याउलट मुलगी घरातून निघून गेली की ती 'पळाली', सरळ कर्तरी. म्हणून कुणाला 'करवलं नाही' द्यायचं आणि कुणाला 'केलं' द्यायचं, हा व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. माझी कसोटी आता एवढीच आहे : शब्द बाहेर पडला नाही याची किंमत कोण देतो? स्वतः देत असेल तर 'म्हणवलं नाही'. दुसऱ्यानं द्यावी अशी सोय केली असेल तर नुसतं 'केलं'.

या कसोटीवर रणवीर अर्धाच उतरतो. त्याच्या मौनाची किंमत टियानंही दिली होती. लातूरच्या मैत्रिणीचं अगदीच चुकलं नव्हतं.

धाकटीकडून मला नंतर आणखी एक गोष्ट कळली. थोरली या वर्षी प्लस टूला आहे. परीक्षा होईपर्यंत गाण्याची शिकवणी बंद, असं घरात ठरलं. तिला विचारलं तेव्हा ती 'बरं' म्हणाली होती. वाद नाही, रडणं नाही. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलमधला तंबोरा अगदी बारीक लावून ती न्हाणीघरात गाते. एकदा म्हणून टाकायचं आणि मनात चालू ठेवायचं, हा उपाय प्रल्हादाला सुचवताना ती तर्क लढवत नव्हती, अनुभव सांगत होती. मी तिला हट्टीपणाची व्याख्या समजावत बसले होते.

गोषवाऱ्यात शेवटी दोन वाक्यं अशी गेली : 'प्रल्हादाला तसं म्हणवलं नाही. हिरण्यकशिपूनं त्याला बांधून समुद्रात टाकलं.' मुलाचं वाक्य एका रूपात, बापाचं दुसऱ्या. पाहुण्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी मी ती थोरलीला वाचून दाखवली. तिनं पहिलं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, आमच्या घरच्या मराठीत आम्ही असं बोलत नाही, पण कळतं. आणि खाली अभ्यासाला गेली.